मुकाट सोसण्याचे दुखणे



आषाढाच्या तोंडावर तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून इंदापूरच्या वाटेला लागते, तेव्हा वाटेत काटेवाडी लागते. तिथला सोहळा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. परीट मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मग धनगर बांधवांची मेंढरे पालखीभोवती रिंगण धरून धावतात. लोक मेंढरांकडे पाहतात, ते साहजिकच आहे. पण आज मी तुम्हाला त्याच गर्दीतल्या बायकांकडे पाहायला सांगणार आहे. डोक्यावर तुळस, काखेला पिशवी, पायांना फोड आलेले आणि तोंडाने नाव चाललेले. त्यांना विचारा, "बाई, एवढं चालता, पाय दुखत नाहीत का?" तर "पाय दुखतात, पण डोकं दुखायचं थांबतं," असे उत्तर देणाऱ्या बायका तिथे भेटतात.

हे उत्तर थट्टेवारी नेण्यासारखे नाही. घरी बसल्या ठिकाणी दुखणारे डोके रोज चार-पाच कोस चालल्यावर कसे थांबते? ते दुखणे शरीराचे, की मनाचे? आणि मनाचे असेल, तर ते मनात शिरले कुठून? आज आपल्याला याच प्रश्नाचा इतिहास पाहायचा आहे. लेकीबाळींच्या आरोग्यावर घरादाराचा, रूढीचा आणि मनावरच्या ओझ्याचा काय परिणाम होत आला, आणि हे ओझे बोलून दाखवण्याचे धाडस महाराष्ट्रात कोणी कसे केले, ते थोडक्यात सांगतो.

प्रथम जात्यापासून सुरुवात करू. गावात पिठाची गिरणी आली नव्हती, तोवर पहाटेच्या अंधारात घरोघर जाते फिरत असे. दळणाचे काम अंग मोडणारे खरे, पण त्या वेळी घरातली पुरुषमंडळी झोपलेली असत. जात्याच्या घरघरीत बाईला चार शब्द मोकळेपणाने बोलता येत. माहेरची आठवण, भावाची वाट, सासूचा जाच, न झालेल्या किंवा गेलेल्या लेकराचे दुःख हे सारे ओवीत येई. समोर खुंट्याला हात लावून बसलेली जाऊ किंवा नणंद ऐके, आणि पुढची ओवी ती जोडी. दिवसा जे बोलले तर उद्धटपणा ठरे, तेच पहाटे गायिले तर कोणी आक्षेप घेत नसे. साने गुरुजींनी अशा ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' या नावाने प्रसिद्ध केल्या. पुढे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मुळशीच्या डोंगरी भागापासून कामाला सुरुवात केली आणि सहकाऱ्यांच्या मदतीने महाराष्ट्राच्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. शाळा न शिकलेल्या बायकांनी आपल्या मनाचे एवढे मोठे दप्तर तोंडी राखले होते, हे लक्षात घ्या.

गिरणी आली आणि बाईचे कष्ट वाचले, हे फार चांगले झाले. जाते परत आणा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण कष्टांबरोबर ती पहाटेची बोलण्याची जागाही गेली, आणि तिच्या बदली दुसरी जागा आपण करून दिली नाही. ओवी होती तेव्हासुद्धा तिला एक मर्यादा होतीच. ओवीने मन हलके होई, परंतु सासुरवास थांबत नसे. दुःख गायिले जाई, त्यावर उपाय होत नसे. उपाय व्हायचा तर ते दुःख उंबऱ्याबाहेर, चारचौघांत बोलले जायला हवे होते.

ते प्रथम बोलले गेले एकोणिसाव्या शतकात. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्या गुरुजनांना सांगायला नको. पण त्यांचे दुसरे एक काम आरोग्याच्या दृष्टीने तितकेच मोठे आहे. त्या काळी लहानपणीच विधवा झालेल्या मुलीवर कोणी अतिप्रसंग केला किंवा तिचा पाय घसरला, तर तिच्यापुढे दोनच वाटा उरत. एक तर जीव द्यायचा, नाहीतर जन्मलेल्या बाळाचा जीव घ्यायचा. १८६३ साली फुले दांपत्याने अशा स्त्रियांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तिथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, बाळ ठेवावे किंवा सोडून जावे, त्या स्त्रीवर सक्ती नव्हती. ज्या भीतीने बाई विहीर जवळ करीत होती, त्या भीतीवरच हा इलाज होता.

पुढे १८८१ साली सुरतेच्या बाजूला विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर बालहत्येचा खटला झाला. वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले गेले. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लेखणी उचलली आणि १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक छापले. दोष बाईच्या माथी मारणाऱ्यांना त्यांनी उलट विचारले, की ज्या अवगुणांबद्दल तुम्ही बायकांना नावे ठेवता, ते पुरुषांत नाहीत काय? एका मराठा घरातल्या स्त्रीने त्या काळी असे विचारणे म्हणजे केवढी हिंमत! पुस्तकाचे स्वागत मात्र कुचेष्टेनेच झाले. त्यांची बाजू जोतीरावांनी घेतली.

आता एक हकीकत मी जरा सविस्तर सांगतो, कारण ती आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. मुंबईत सुतार समाजात १८६४ साली रखमाबाई जन्मल्या. वडील लवकर गेले. आईने पुन्हा लग्न केले ते डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी. त्या समाजात पुनर्विवाहाची चाल होती. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी या तरुणाशी लागले. सावत्र वडील डॉक्टर असल्याने कोवळ्या वयात संसार सुरू होण्याचे धोके ते जाणून होते. त्यांनी मुलीला घरीच ठेवले. मुलगी घरात वाचीत, शिकत मोठी झाली. १८८४ साली नवऱ्याने कोर्टात दावा लावला, की माझी बायको माझ्या घरी पाठवा. रखमाबाईंनी सांगितले, मला न विचारता, मला कळत नव्हते त्या वयात झालेले हे लग्न मी मानीत नाही.

१८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. त्यावर अपील झाले. निकाल फिरला आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. रखमाबाई म्हणाल्या, मी तुरुंगात जाईन. साऱ्या देशात गहजब झाला, विलायतेपर्यंत चर्चा गेली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन नवऱ्याने आपला हक्क सोडला.

खटला चालू असतानाच 'ए हिंदू लेडी' या टोपणनावाने त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहावर पत्र लिहिले. त्यांचे दुःख केवळ शरीराचे नव्हते. शिकायची हौस असताना पाटी हातातून गेली, मन वाढायच्या वयात दाबले गेले, हे त्यांनी त्या पत्रातून मांडले. मुलीच्या मनाची वाढ खुंटणे हीसुद्धा इजाच आहे, असे एका मराठी मुलीने वयाच्या विशीत जगाला सांगितले. पुढे त्या लंडनला जाऊन शिकल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली. १९५५ साली त्या वारल्या. म्हणजे आपल्यातल्या वृद्ध मंडळींच्या हयातीतली ही गोष्ट आहे, फार जुनी नव्हे.

रखमाबाईंच्या बरोबरीच्या आनंदीबाई जोशी. जन्म १८६५ चा, लग्न नवव्या वर्षी. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि दहा दिवसांत बाळ गेले. या दुःखातून त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले. १८८३ साली अमेरिकेला जाण्यापूर्वी त्यांनी श्रीरामपूर इथे एक भाषण केले. श्रीरामपूर म्हणजे बंगालमधले, आपले नगर जिल्ह्यातले नव्हे बरं का! हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची फार गरज आहे, कारण आपल्या बायका लाजेपायी पुरुष डॉक्टरला दुखणे सांगत नाहीत, असे त्यांनी त्यात सांगितले. १८८६ साली त्या एम.डी. झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने पुण्यात वारल्या. वय अवघे एकवीस. त्यांना रुग्णसेवा करता आली नाही. पण लाज हासुद्धा एक रोग आहे, आणि त्याने बायका मरतात, हे निदान त्यांनी करून ठेवले.

कायदा मात्र मुंगीच्या पावलांनी चालला. १८६० च्या दंडसंहितेत संमतिवयाची मर्यादा दहा वर्षांची होती. १८८९ साली कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली, तेव्हा कुठे सरकार हलले, आणि १८९१ साली ही मर्यादा बारा झाली. त्या दोन वर्षांसाठी केवढा वाद माजला! सरकारने आमच्या घरात हात घालू नये, असे 'केसरी'सारख्या वजनदार पत्राचे म्हणणे होते. परक्या सरकारविषयीचा राग खरा होता. पण ज्या मुलीच्या जिवाचा प्रश्न होता, तिला विचारायला कोणी गेले नाही. १९०४ साली बडोद्यात सयाजीराव महाराजांनी आपल्या राज्यापुरता बालविवाहाला प्रतिबंध केला. १९२९ साली शारदा कायदा होऊन मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरले, १९४९ साली ते पंधरा झाले आणि १९७८ साली अठरा. दहापासून अठरापर्यंत यायला आपल्याला एकशे अठरा वर्षे लागली.

कायद्याशेजारी शाळेचे काम चालले होते. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ साली, त्या अकरा वर्षांच्या असताना झाले. माधवराव त्यांना शिकवीत. घरातल्या वडीलधाऱ्या बायका मात्र त्यांना पुस्तकापायी टोचून बोलत. पुरुषाने केलेली अडवणूक सगळ्यांना दिसते. बाईने बाईला टोमणे मारून केलेली अडवणूक दिसत नाही, पण मनाला तीच जास्त लागते. रमाबाईंनी मनात अढी न ठेवता १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम उभे केले. तिथे बायका शिकल्या, मास्तरणी झाल्या, परिचारिका झाल्या.

या सेवासदनाचा धागा थेट काटेवाडीला येऊन पोचतो. इथे संसार केलेल्या शारदाबाई पवार सेवासदनात शिकलेल्या होत्या. १९३८ साली त्या पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. ज्या काळात बाई चावडीपुढून जाताना पदर सारखा करून खाली मान घालून जाई, त्या काळात शेतकऱ्याच्या घरातली एक बाई जिल्ह्याच्या कारभारात बसून बोलू लागली. बारामतीजवळ शारदानगरला आज त्यांच्या नावाचे महिला महाविद्यालय आहे. मुलगी शिकली की काय होते, याचे उदाहरण शोधायला काटेवाडीकरांना लांब जायला नको.

मग आता सारे ठीक झाले काय? या प्रश्नाचे उत्तर गडचिरोलीने दिले. तिथे डॉक्टर राणी बंग आणि डॉक्टर अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांना तपासले आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या विलायती वैद्यक-पत्रात निष्कर्ष छापला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होता. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या शंभरात अवघ्या आठ. म्हणजे दुखणे जवळजवळ प्रत्येकीला, आणि सांगितले जवळजवळ कोणीच नाही! अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे, हे बाईच्या जन्माला लागलेलेच, असे समजून त्या कामाला जात होत्या. जग बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढ्याचाच विचार करीत होते, ते या आकड्यांनी चकित झाले. राणीताईंनी बायकांच्या या बोलण्यावर पुढे पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'कानोसा'. कानोसा घेतला म्हणून कळले. घेतला नसता तर कळले नसते.

दुसरी गोष्ट आपल्या अगदी उंबऱ्यातली आहे. बारामती-इंदापूरचा मुलूख नीरेच्या कालव्याने हिरवा झाला, ऊस आला, साखर कारखाने आले. दिवाळी सरली की बीडकडच्या टोळ्या आपल्या फडांत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची असते. एक दिवस काम चुकले तर खाडा धरून पैसे कापतात. बाई पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या डोक्यावर वाहते, रात्री पुन्हा चूल पेटवते. कोपीत ना न्हाणी, ना आडोसा. महिन्याच्या चार दिवसांत तिने काय करायचे? २०१९ साली असे उघडकीला आले, की बीड जिल्ह्यातल्या अनेक ऊसतोडणी बायकांनी तरुणपणीच गर्भाची पिशवी काढून टाकली आहे. सरकारने नेमलेल्या समितीपुढे ८२,३०९ स्त्रियांची पाहणी आली, त्यांत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली.

या बायका अडाणी म्हणून असे झाले, असे म्हणून मोकळे होऊ नका. पोटात दुखते हे सांगायला जागा नाही, दुखण्यासाठी एक दिवस बसायला सवड नाही, आणि 'पिशवी काढली की सुटलीस, नाहीतर कॅन्सर होईल' अशी भीती घालणारे भेटतात. कर्ज, भीती आणि लाज या तिघांनी मिळून सही केली, आणि अंगठा बाईचा लागला. तरुणपणी ही शस्त्रक्रिया झाली की हाडे लवकर ठिसूळ होऊ शकतात, अंगाची आग होते, मन उदास राहते. आपल्या चहात पडणाऱ्या साखरेमागे ही कहाणी आहे, हे आपण ऊस पिकवणाऱ्यांनी विसरता कामा नये.

आता घराकडे वळू. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. विशी ते चोविशीतल्या स्त्रियांपैकी जवळजवळ बावीस टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. कायदा चाळीस वर्षांहून जुना झाला, तरी दर पाच मुलींत एकीपर्यंत तो पोचलेला नव्हता. आईबाप दुष्ट असतात म्हणून असे करतात काय? तसे नाही. मुलगी मोठी झाली की बापाच्या जिवाला घोर लागतो. शाळा लांब, रस्त्याला टवाळ पोरे, दोन लग्ने एका मांडवात झाली तर खर्च वाचतो, आणि सगळ्यांच्या वर 'लोक काय म्हणतील?' घोर बापाला लागतो आणि त्याची किंमत मुलगी मोजते. तिला वयात येताना अभ्यास, बोलणे, हसणे एकेक करून आवरते घ्यायला सांगतात. ताटावर ती सगळ्यांच्या शेवटी बसते. रक्त तिथेही कमी होते आणि उत्साह तिथेही.

मग कधी कधी अशी एखादी मुलगी दातखीळ बसून पडते. कधी घुमू लागते. लोक म्हणतात, 'बाहेरचं झालंय,' आणि तिला देवऋष्याकडे नेतात. तिथे धुपाची धुरी, कधी मारहाणही. अशा अघोरी उपायांविरुद्ध २०१३ साली महाराष्ट्राने कायदा केला आहे. फिटांचा आजार असेल तर तो डॉक्टरने तपासलाच पाहिजे. पण पुष्कळदा यामागे मनाचा कोंडमारा असतो. विचार करा, एरवी जिचे कोणी ऐकत नाही, तिच्या अंगात आले की सारे घर हात जोडून ऐकते. स्वतःच्या आवाजात बोलायची जिला मुभा नाही, ती दुसऱ्या कुणाच्या आवाजात बोलते. ती सोंग करते असे नव्हे. तिला स्वतःलाही ते कळत नसते. अशा मुलीला मारू नका, हसू नका आणि घाईने तिचे लग्नही लावू नका. लग्न हे औषध नव्हे.

गुरुजी आणि बाई, तुमच्याकडे माझे खास मागणे आहे. मुलीला घरच्यांनंतर सगळ्यांत जास्त तुम्ही पाहता. दर महिन्याला तीन-चार दिवस नेमकी गैरहजर राहणारी मुलगी, बोलकी असून एकाएकी गप्प झालेली मुलगी, सारखे डोके-पोट दुखते म्हणणारी मुलगी हजेरीपटावर तुम्हाला दिसते. तिला वर्गापुढे उभे करू नका. बाजूला बोलावून विचारा, आणि विचारल्यावर थांबा. पहिल्या दिवशी ती काही सांगणार नाही. चौथ्या दिवशी सांगेल. मुलींच्या संडासाला पाणी आहे का, आतून कडी लागते का, हे स्वतः पाहा. आठवड्याची लोहाची गोळी पोटात जाते की खिशात, तेही पाहा. लग्न ठरल्याचे कानावर आले तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा सरकारी फोन आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. हे दोन आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

आणि घरच्या वडीलधाऱ्यांनो, तुम्ही एवढेच करा. संध्याकाळी लेकी-सुनांना आपल्याबरोबर जेवायला बसवा, आणि ताटावर एक प्रश्न विचारा, "आज तुझं कसं काय गेलं?" १९५६ साली पुणे आकाशवाणीने खेड्याखेड्यांतून शेतकऱ्यांची श्रोतेमंडळे बांधली होती. रेडिओ ऐकायचा, मग त्यावर आपसात बोलायचे, आणि पटेल ते करायचे, अशी रीत होती. शेतीच्या बियाण्यावर अशी चर्चा झाली, खतावर झाली. आता गावागावांतल्या मुलींचे असे एखादे मंडळ का बसू नये? आठवड्यातून एक तास, मारुतीच्या पारावर नको, शाळेच्या वर्गात, आतून कडी लावून. तिथे त्यांनी बोलावे आणि एखाद्या जाणत्या बाईने ऐकावे.

जात्याची घरघर थांबली ती थांबली. पण पहाटे जात्यावर जे बोलले जाई, ते आता भर दिवसा बोलता आले पाहिजे, आणि त्यासाठी मुलीला पंढरीच्या वाटेपर्यंत थांबावे लागू नये. पुढच्या आषाढात काटेवाडीला मेंढरांचे रिंगण पाहायला गेलात, तर तुळस घेऊन चाललेल्या एखाद्या मायमाउलीला पाणी द्या आणि विचारा, "माउली, बरं आहे ना?" आणि हाच प्रश्न घरी परतल्यावर आपल्या लेकीलाही विचारा.